संगणकाचा गाभा : भरंवशाची आवृत्ति कोणती?

सोलापुरी चादरीवरील नक्षी पूर्वीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेंत सांठविलेली असे. जॅकार्डवर ती माळ फिरूं लागली, कीं जेथें भोंक असेल तेथला ताण्याचा धागा उचलला जाई आणि जेथें नसेल तेथला खालींच राही. एखादा पुठ्ठा फाटला किंवा माळेंत उलटा बसला, तर हातभर कापड विणून होण्याच्या आंत विणकराच्या तें लक्षांत येई. मोराची मान तुटलेली दिसे आणि माग थांबविला जाई. आतां अनेक कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आहेत. नक्षी संगणकाच्या फाइलींत असते. टॉवेलांच्या मागण्या, सुताचा हिशेब, मजुरीचीं खातीं हीं सारीं संगणकांतच. ही सोय मोठीच झाली, परंतु तिच्यामागून एक नवी चिंताही आली. फाइल आंतल्या आंत बिघडली, तर ती फाटलेल्या पुठ्ठ्यासारखी डोळ्यांना दिसत नाहीं. महिन्या-दोन महिन्यांनीं ती उघडावयास जावें तेव्हां नुकसान कळतें, आणि तोंवर ती बिघडलेली प्रतच सुरक्षित प्रत म्हणून जपून ठेवली गेलेली असते.

असा बिघाड होऊं नये याची पहिली जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या ज्या भागावर असते, त्याला कर्नेल म्हणतात. लष्करांतल्या कर्नलशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. कानाला दोन्हीं शब्द सारखे वाटतात इतकेंच. बदामाच्या किंवा आंब्याच्या कोयींतील गराला इंग्रजींत जो शब्द आहे तो हा, म्हणून मराठींत त्याला गाभा म्हणावयास हरकत नाहीं. पडद्यावर जे प्रोग्राम दिसतात, पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रें पाहण्याचा, त्यांपैकीं एकालाही यंत्राच्या भागांना परस्पर हात लावण्याची मुभा नसते. स्मृतींत जागा हवी, डिस्कवर कांहीं लिहावयाचें आहे, कागद छापावयाचा आहे, कीं प्रत्येकानें गाभ्याकडे अर्ज करावयाचा. गाभा अर्ज तपासतो, जागा वांटून देतो, एकाच्या जागेंत दुसऱ्याला शिरूं देत नाहीं, आणि सोंपविलेला मजकूर योग्य त्या जागीं लिहिला जाईल असें पाहतो. पत्राचा प्रोग्राम चुकला तर एक पत्र जातें. गाभा चुकला तर कोणाचें काय जाईल याचा नेम नाहीं.

लिनक्स हा असाच एक गाभा होय. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें तो १९९१ सालीं लिहावयास घेतला आणि जगाला वाचण्यास व सुधारण्यास खुला केला. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनांत आहे, घरोघरच्या इंटरनेटच्या राउटरांपैकीं पुष्कळांत आहे. आणि जगांतील पहिल्या पांचशें महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां निघते, तींतील पांचशेंच्या पांचशें यंत्रें नोव्हेंबर २०१७ मध्यें प्रथमच लिनक्सवर चालणारीं अशीं नोंदलीं गेलीं. पुण्यास मुख्य कार्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची जी भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम २००७ सालीं बाहेर काढली, तिचाही गाभा लिनक्सच आहे. नांव एक असलें तरी या गाभ्याच्या आवृत्त्या मात्र शेंकड्यांनीं मोजाव्या लागतात, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

समजा, अक्कलकोट रस्त्यावरील एखाद्या टॉवेलच्या कारखान्यांत नक्षी आणि हिशेब सांभाळणारा एक संगणक आहे व त्यावर लिनक्स चालतो. महाविद्यालयांतून नुकताच बाहेर पडलेला धन्याचा मुलगा म्हणतो, सर्वांत नवी आवृत्ति घालावी. जुने दोष तींत दुरुस्त झालेले असणार. पंचवीस वर्षें गादीवर बसलेले दिवाणजी म्हणतात, चालतें आहे त्याला हात लावूं नये. घरांतही हाच वाद फोनवरून होतो. फरक इतकाच, कीं तेथें आवृत्ति निवडण्याचा अधिकार फोन बनविणाऱ्याच्या हातीं असतो आणि घरच्या माणसानें फक्त ‘अद्ययावत करा’ या सूचनेला होकार द्यावयाचा असतो. दिवाणजींची भीति खरी आहे. त्यांनीं काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाहीं. मुलाचें तर निदानच अपुरें आहे. तें कसें, हें कळण्यासाठीं आवृत्तींचे आंकडे वाचतां आले पाहिजेत.

गाभ्याच्या नांवापुढें ६.१.६४ असे टिंबांनीं तोडलेले आंकडे असतात. त्यांतला पहिला आंकडा सर्वांच्या डोळ्यांत भरतो आणि त्यालाच सर्वांत कमी अर्थ असतो. मार्च २०१९ मध्यें ५.० आली, ऑक्टोबर २०२२ मध्यें ६.० आली; यांत जुनें घर पाडून नवें बांधलें असें कांहीं झालें नाहीं. मधला आंकडा फार मोठा होऊं लागला, कीं टोरवाल्ड्स पहिला एकानें वाढवितात, एवढेंच. मधला आंकडा म्हणजे खरी नवी आवृत्ति. ती सुमारें नऊ ते दहा आठवड्यांनीं निघते व तिच्यांत हजारों बदल असतात. शेवटचा आंकडा केवळ दुरुस्त्यांचा. ६.१.६४ म्हणजे ६.१ ही आवृत्ति निघाल्यावर दुरुस्त्यांचा चौसष्टावा हप्ता. भरंवशाची चौकशी करणारानें पहिल्या आंकड्याकडे दुर्लक्ष करून या शेवटच्या आंकड्याकडे पाहावें, आणि तो अजून वाढतो आहे कीं वाढावयाचा थांबला आहे एवढें विचारावें.

जुन्या माहितगारांपैकीं कोणी अद्यापि असाही सल्ला देतात, कीं मधला आंकडा सम असेल तीच आवृत्ति घ्यावी, विषम घेऊं नये. एके काळीं तो योग्य होता. २.४ ही वापरावयाची आणि २.५ ही प्रयोगाची, अशी खरोखरच वांटणी होती. डिसेंबर २००३ मध्यें २.६ आल्यानंतर ती पद्धत मागें पडली. आज ५.१५ ही विषम आंकड्याची आवृत्ति दीर्घ मुदतीची म्हणून गणली गेली, आणि सम आंकड्याच्या कित्येक आवृत्त्या तीन महिन्यांत अडगळींत गेल्या आहेत.

नवी आवृत्ति तयार होते ती अशी. पहिले दोन आठवडे जगभरच्या लेखकांचे बदल एकत्र घेतले जातात. मग दार बंद होतें, आणि दर आठवड्याला एक याप्रमाणें सात किंवा आठ उमेदवार आवृत्त्या निघतात. यांत नवें कांहीं घालावयाचें नाहीं, सांपडलेले दोष काढावयाचे. या उमेदवार आवृत्त्या कामाच्या यंत्रावर घालणें म्हणजे ओल्या रंगाचें सूत मागावर चढविण्यासारखें आहे. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर ५.१२ ची पहिली उमेदवार आवृत्ति निघाली. स्मृतींत न मावणारा मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवण्याची जी सोय असते, तिचा हिशेब या आवृत्तींत चुकला होता; ती सोय फाइलीच्या रूपानें केलेली असेल, तर गाभा भलत्याच जागेवर लिहूं लागे आणि दुसऱ्याच फाइली नष्ट होत. टोरवाल्ड्स यांनीं कांहीं दिवसांतच त्या आवृत्तीच्या नांवाला ‘वापरूं नका’ अशा अर्थाची शेपटी जोडली. हा मान मिळविणारी ती पहिली नव्हे. ऑक्टोबर २००१ मध्यें २.४.११ लाही तीच शेपटी लावावी लागली होती. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत निघालेल्या २.४.१५ मध्यें तर डिस्क व्यवस्थित बंद करतांनाच तिच्यावरील फाइलींची मांडणी बिघडत असे. तीनच दिवसांत २.४.१६ काढावी लागली. यांतली २.४.१५ उमेदवार नव्हती, सम आंकड्याची ‘स्थिर’ आवृत्ति होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मग पूर्ण झालेली नवी आवृत्ति घ्यावी काय? तीही सर्वांसाठीं नाहीं. कारण पुढची आवृत्ति आली, कीं थोड्याच दिवसांत आधींच्या आवृत्तीची दुरुस्ती बंद होते. ज्याला दर अडीच महिन्यांनीं गाभा बदलण्याची हौस व सवड आहे, त्याचें हें काम. इतरांसाठीं सुमारें वर्षांतून एक आवृत्ति निवडून ‘दीर्घ मुदतीची’ म्हणून जाहीर केली जाते. तिच्यावर वर्षानुवर्षें दुरुस्त्यांचे हप्ते निघत राहतात. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांचे सहकारी हें काम पाहतात. त्यांचे नियम मोठे कडक आहेत. दुरुस्ती खऱ्या दोषाची असावी, ती लहान असावी, तिच्यांत नवी करामत नसावी, आणि ती मुख्य शाखेंत, म्हणजे टोरवाल्ड्स यांच्या प्रतींत, आधीं स्वीकारली गेलेली असावी. ६.१ ही अशी आवृत्ति. ती डिसेंबर २०२२ मध्यें निघाली. तिच्यानंतर ऑक्टोबर २०२३ मधील ६.६ आणि नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ यांनाही तोच मान मिळाला.

दीर्घ मुदत म्हणजे अमर्याद मुदत नव्हे. ४.१९ ही आवृत्ति ऑक्टोबर २०१८ मध्यें निघाली आणि सहा वर्षांहून थोडी अधिक सेवा करून डिसेंबर २०२४ मध्यें निवृत्त झाली. सहा वर्षें सांभाळ करण्याची ती चाल पुढें चालेल असें धरून चालूं नये. २०२३ सालीं असें जाहीर झालें, कीं यापुढें दीर्घ मुदत सामान्यतः दोन वर्षांची धरावी. वापरणारे पुढें आले, तपासणीचा भार उचलूं लागले, तर ती वाढते; नाहीं तर नाहीं. म्हणून आवृत्ति घेण्यापूर्वीं तिची शेवटची तारीख लिनक्सच्या अधिकृत यादींत पाहणें हें औषधाच्या बाटलीवरील तारीख पाहण्याइतकेंच अवश्य आहे.

दिवाणजींचा पक्ष येथें पुढें येतो. दुरुस्ती बंद झाली तर झाली. यंत्र तर चालतें आहे ना? जितकें जुनें तितकें मुरलेलें, हा न्याय लोणच्याला लागू आहे, गाभ्याला नाहीं. ‘डर्टी काऊ’ या नांवानें गाजलेला एक दोष २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तींत शिरला आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत दुरुस्त झाला नव्हता. केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलींत साध्या वापरणारालाही त्यामुळें लिहितां येई, आणि त्या वाटेनें तो सबंध यंत्राचा मालक होऊं शके. नऊ वर्षें हा दोष लाखों यंत्रांत मुकाट बसून होता. तो उघड झाला त्या दिवशीं जीं यंत्रें चालू आवृत्तीवर होतीं, त्यांना लगोलग दुरुस्ती मिळाली. जीं सोडून दिलेल्या आवृत्तीवर होतीं, तीं पूर्वींसारखींच चालत राहिलीं, आणि आतां त्यांचें दार उघडें आहे हें साऱ्या जगाला ठाऊक झालें. यंत्र इंटरनेटला मुळींच जोडलेलें नसेल तर दिवाणजींचें म्हणणें बरेंचसें चालेल. पण परदेशी गिऱ्हाइकाची मागणी ज्या यंत्रावर येते, त्याच्याविषयीं तें चालणार नाहीं.

आतां दीर्घ मुदतीची आवृत्ति घेऊन प्रत्येक हप्ता निघतांक्षणीं घालणाराची गोष्ट. डेबियन हें लिनक्सचें एक जुनें आणि सावधपणाविषयीं प्रसिद्ध असलेलें वितरण आहे. वितरण म्हणजे गाभा आणि त्यावर लागणारे हजारों प्रोग्राम एकत्र बांधून, तपासून देणारी व्यवस्था. वर सांगितलेली सी-डॅकची बॉस ही डेबियनच्याच पायावर उभी आहे. डेबियनची बारावी आवृत्ति जून २०२३ मध्यें निघाली, तिच्यांत गाभा ६.१ चा. डिसेंबरच्या ९ तारखेस तिचा १२.३ हा सुधारित संच बाहेर पडावयाचा होता, आणि ऐन वेळीं कळलें, कीं त्यांत घातलेल्या ६.१.६४ मध्यें फाइली बिघडविणारा दोष आहे. संच रोखण्यांत आला. रातोरात ६.१.६६ घेऊन १० डिसेंबरला १२.४ प्रसिद्ध झाला, १२.३ हा आंकडाच गाळला गेला.

हा दोष आला कोठून, हें समजून घेण्यासारखें आहे. मुख्य शाखेंत फाइलीच्या लांबीची नोंद नीट व्हावी म्हणून एक बदल झाला होता. तो स्वतः बरोबर होता. नियमाप्रमाणें तो मुख्य शाखेंत आधीं गेलेला होता, लहान होता, खऱ्या दोषावरचा होता. म्हणून तो उचलून ६.१ मध्यें लावला. परंतु तो बदल आणखी एका जुन्या बदलावर अवलंबून होता, आणि तो जुना बदल ६.५ या आवृत्तीपासूनच गाभ्यांत होता, ६.१ मध्यें तो नव्हताच. परिणाम असा, कीं विशिष्ट रीतीनें लिहितांना ‘इथवर लिहिलें’ ही खूण दोनदां पुढें सरके, आणि पुढचा मजकूर भलत्या जागीं पडे. दुसऱ्याच्या अंगाला शिवलेला अंगरखा चांगलाच होता. घातला मात्र निराळ्या अंगावर. एवढ्यावरही थांबलें नाहीं. ६.१.६६ मध्यें बिनतारी जाळ्याविषयींचा निराळाच दोष निघाला आणि कांहीं दिवसांत ६.१.६७ काढावी लागली.

या प्रकरणांत सर्वांत कमी त्रास कोणाला झाला? जे दीर्घ मुदतीच्या शाखेवर होते, पण निघालेला हप्ता आठ-दहा दिवस थांबून, इतरांचे अनुभव कळल्यावर घालतात, त्यांना. साध्या दुरुस्त्यांसाठीं इतकें थांबणें शहाणपणाचें ठरतें. चोर शिरण्याजोगा दोष जाहीर झाला असेल तेव्हां मात्र हें थांबणें नको. तेथें दुरुस्ती घालण्यांतला धोका न घालण्यांतल्या धोक्यापेक्षां लहान असतो.

हें सारें ज्यानें त्यानें पाहत बसावें अशी अपेक्षा नाहीं, आणि बहुतेकांनीं पाहूंही नये. लिनक्सचा गाभा मूळ ठिकाणाहून स्वतः उचलून आणण्यापेक्षां वितरणानें दिलेला घेणें हेंच कारखान्याला व घराला योग्य. फक्त येथें आंकड्यांनीं फसूं नये. रेड हॅट या कंपनीच्या वितरणाची मे २०२२ मध्यें निघालेली नववी आवृत्ति ५.१४ हा गाभा वापरते. मूळ यादींत ५.१४ ची दुरुस्ती २०२१ सालींच संपली. तरीही रेड हॅटचे लोक पुढच्या आवृत्त्यांतील दुरुस्त्या निवडून तींत लावतात, आणि हें काम दहा वर्षें करण्याचें त्यांनीं बांधून घेतलें आहे. उबुंटूच्या एप्रिल २०२४ च्या आवृत्तींत ६.८ आहे, तीही मूळ यादींतील दीर्घ मुदतीची नव्हे, तिचा सांभाळ उबुंटूची कंपनी करते. तेव्हां आंकडा किती, या प्रश्नापेक्षां या आंकड्याची दुरुस्ती कोण आणि कोठवर करणार, हा प्रश्न आधीं विचारावा. वीजनिर्मिति, रेल्वे, मोठे कारखाने अशा ठिकाणीं यंत्रें दहा-वीस वर्षें बदलत नाहींत. त्यांच्यासाठीं २०१६ सालीं सुरू झालेली एक स्वतंत्र योजनाच आहे. सीमेन्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्या तींत आहेत, ४.४, ४.१९, ५.१० आणि ६.१ या आवृत्त्या निवडून त्या प्रत्येकीचा निदान दहा वर्षें सांभाळ करण्याचें त्यांनीं ठरविलें आहे.

एकच प्रसंग असा, कीं जेथें मुलाचें म्हणणें खरें ठरतें. यंत्रच अगदीं नवें असलें, तर त्याचा पडदा किंवा बिनतारी भाग जुन्या गाभ्याला ओळखतां येत नाहीं. तेव्हां नवी आवृत्ति घ्यावी लागते, तीही शक्यतों वितरणानें दिलेली. याच्या उलट, एखाद्या छापयंत्राचा किंवा मागाच्या नियंत्रकाचा चालक प्रोग्राम त्याच्या उत्पादकानें गाभ्याबाहेर निराळा दिला असेल, तर नव्या आवृत्तीवर तो चालेलच असें नाहीं. साध्या प्रोग्रामांची जुनी वहिवाट मोडावयाची नाहीं, असा टोरवाल्ड्स यांचा कटाक्ष आहे आणि तो बहुधा पाळला जातो. गाभ्याच्या पोटांत शिरून काम करणाऱ्या परक्या चालकांना मात्र तें अभय दिलेलें नाहीं. अशा वेळीं उत्पादकाला लेखी विचारावें, कीं तुमचा चालक कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलेला आहे.

सोलापूरच्या गिरणीवाल्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं : नवें सूत सगळ्या मागांवर एकदम चढवावयाचें नसतें, आधीं एका मागावर लावून पाहावयाचें. गाभ्याचेंही तसेंच. दोन यंत्रें असतील तर आधीं कमी महत्त्वाच्या यंत्रावर नवी आवृत्ति घालून आठवडाभर रोजचें काम करावें. एकच असेल तर नक्षीच्या व हिशेबाच्या फाइलींची प्रत आधीं निराळ्या डिस्कवर काढावी, ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी, आणि त्या प्रतींतील दोन-चार फाइली खरोखर उघडतात कीं नाहीं हें पाहावें. बहुतेक वितरणें नवा गाभा घालतांना जुना पुसून टाकीत नाहींत. यंत्र सुरू होतांना जी यादी दिसते तींत जुना निवडून पूर्वस्थितीवर येतां येतें. जागा वांचविण्याच्या मोहानें तो जुना गाभा काढून टाकणारे पुढें पस्तावतात. गाभा बदलावयाचा तो माल रवाना करण्याच्या आदल्या सायंकाळीं बदलूं नये, हें दिवाणजी न सांगतांच सांगतील, आणि येथें त्यांचें शब्दशः ऐकावें.

चालू गाभा कोणता, हें कळण्यास एक ओळ पुरते. आज्ञा लिहिण्याच्या खिडकींत ‘यूनेम’ हा शब्द, मग मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि ‘आर’ हें लहान अक्षर रोमन लिपींत लिहिलें, कीं उत्तरांत आंकडे येतात. ते आजच्या तारखेसह कागदावर उतरवून यंत्राला चिकटवावे, व त्याखालीं वितरणाचें नांव आणि त्याची दुरुस्ती संपण्याची तारीख लिहावी. आलेला आंकडा ४.१९ चा निघाला आणि त्याच्यामागें सांभाळ करणाऱ्या कोणाचेंही नांव सांपडलें नाहीं, तर त्या यंत्राची नवी तजवीज दिवाळीच्या मागण्या सुरू होण्याआधीं करावयास हवी.